टिटवाळ्याची लेक आणि देवीगढचा राखणदार

ऑफिसात कुणी नवीन आलं की पहिल्या लंचला डबे उघडता उघडता पत्ते विचारले जातात. मी ‘टिटवाळा’ म्हटलं की तीनपैकी एक रिअॅक्शन ठरलेली. एक, ‘बाप रे, रोज?’ दोन, ‘म्हणजे कर्जतच्या पुढे ना?’ (नाही हो! कर्जत वेगळी लाइन. आम्ही कसारावाले. कल्याण सोडलं की शहाड, आंबिवली आणि मग आम्ही.) आणि तिसरी रिअॅक्शन लग्नाळू मंडळींची. आवाज एकदम खाली. ‘तिथला गणपती लग्नं जमवतो म्हणतात, खरं का गं?’

खरंखोटं गणपती जाणे. अंगारकीला आमच्या स्टेशनवर जी गर्दी उसळते त्यातले निम्मे तरी हाच अर्ज घेऊन आलेले असतात, एवढं मी छातीठोक सांगू शकते. पण हा लग्नाचा फंडा आला कुठून, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. आणि गोष्ट अशी भन्नाट आहे की हिंदी सिनेमावाल्यांनी तिच्यावर आयुष्यं काढली.

शॉर्टमध्ये सांगते. कण्व ऋषींचा आश्रम आमच्याकडे, काळू नदीच्या काठी होता, असं इथली आख्यायिका म्हणते. (उत्तराखंडात कोटद्वारजवळचे लोक म्हणतात आमच्याकडे, जळगावजवळचे कानळदावाले म्हणतात आमच्याकडे. भांडू देत.) शिकारीला आलेला राजा दुष्यंत कण्वांच्या लेकीच्या प्रेमात पडतो, गांधर्व विवाह करतो, ‘नेतो तुला लवकरच’ म्हणून राजधानीला जातो आणि विसरून जातो. आजच्या भाषेत शुद्ध घोस्टिंग! पोटात बाळ असलेल्या शकुंतलेला कण्व सांगतात, गणपतीची आराधना कर, तुटलेलं जुळेल. तिनं स्थापन केलेला तो हा टिटवाळ्याचा महागणपती. म्हणून लग्नाचा नवस.

म्हणजे बघा, ज्याला आपण मॅरेज ब्यूरो समजतो ते मुळात एका राजघराण्याच्या दडपलेल्या भानगडीचं स्मारक आहे. राजाचं गुपित, नाकारलेलं मूल आणि तोंड मिटून बसलेले नोकरचाकर. हाच मसाला घेऊन विधु विनोद चोप्रानं आपल्या पिढीच्या आठवणीतला एक सिनेमा केला.

पावणेदोन तासांचा राजवाडा

‘एकलव्य : द रॉयल गार्ड’ थिएटरात लागला १६ फेब्रुवारी २००७ ला. अमिताभ, सैफ, विद्या बालन, शर्मिला टागोर, बोमन इराणी, जॅकी श्रॉफ, जिमी शेरगिल, रायमा सेन आणि वर संजय दत्त. नुसती नावं वाचण्यातच इंटरव्हल व्हावा! पण सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आटपतो. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही, बातम्यांत मात्र भरपूर चालला. चोप्रानं अमिताभला रोल्स रॉइस भेट दिली, ती बातमी. मग ऑस्करसाठी भारताची अधिकृत एन्ट्री म्हणून त्याची निवड झाली आणि ‘धर्म’ या सिनेमाची दिग्दर्शिका भावना तलवार थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली, ती बातमी. शेवटी गेला ‘एकलव्य’च. नॉमिनेशन काही मिळालं नाही.

आता पुढे गोष्ट फुटणार आहे. सिनेमा २००७ चा आहे, इतकी वर्षं थांबलात ही तुमची जबाबदारी, माझी नाही.

राजस्थानातलं देवीगढ. राजेशाही कधीच संपलेली, पण राणाजी आहेत, वाडा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या वाड्याची राखण करणाऱ्या घरातला म्हातारा एकलव्य आहे. डोळे अधू होत चाललेत, पण ते त्यानं कुणाला कळू दिलेलं नाही, कारण राखणदाराला दिसत नाही म्हटल्यावर तो राखणदार कसला? आजारी राणीच्या तोंडी शेवटी शेवटी एकलव्यचं नाव येतं आणि राणा जयवर्धन तिचा गळा दाबतो. लंडनहून राजपुत्र हर्षवर्धन येतो. त्याच्यासाठी आईनं एक पत्र ठेवलंय. त्यात लिहिलंय की, तुझा बाप राणा नव्हे, एकलव्य आहे.

एकलव्यला हे माहीत असतं. राणीला माहीत असतं. राणाला कळतं. ज्याच्याबद्दल आहे त्याला, म्हणजे मुलाला, ते मेल्या आईच्या पत्रातून कळतं. मला सगळ्या सिनेमात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचली. खून, कट, रेल्वे फाटकाजवळचा तो धडधडता सीन, डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या आवाजावर उडत्या कबुतराच्या पायातलं घुंगरू उडवणारा अमिताभ, हे सगळं सॉलिड आहेच. कॅमेरावर्क तर असं की पॉज करून वॉलपेपर लावावा. पण सिनेमाचा जीव कुठे आहे विचाराल तर तो एका बापाच्या गप्प बसण्यात आहे. समोर वाढणारा आपला मुलगा आणि त्याला आपण रोज मुजरा करायचा. का? तर शब्द दिलाय म्हणून.

सुरुवातीलाच महाभारतातल्या एकलव्याची गोष्ट येते आणि लहान मूल बिनधास्त सांगतं की अंगठा दिला हे एकलव्याचं चुकलंच. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं होतं? आपल्याला अंगठ्याचं चित्र दाखवून गुरुनिष्ठेवर निबंध लिहायला लावला होता! चोप्राचा हा एक प्रश्न मला शंभर मार्कांचा वाटतो. पुढे पटकथा मेलोड्रामात घसरते, विद्या बालनला करायला फारसं काही नाही, हे सगळं मान्य. पण प्रश्न मात्र आहेच की निष्ठा नेमकी कुणाशी? मालकाशी, गादीशी, घराण्याच्या अब्रूशी, की त्या मुलाशी?

‘मला आठवत नाही’

पुन्हा आमच्या शकुंतलेकडे येऊ. आपल्याला माहीत असलेली गोष्ट कालिदासाची. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटात सापडलेली अंगठी आणि मग राजाला सगळं आठवणं. पण महाभारताच्या आदिपर्वात डोकावलं की झटका बसतो. तिथे शाप नाही. अंगठी नाही. मासा नाही. शकुंतला मुलाला हाताशी धरून भर दरबारात येते. राजाला सगळं लख्ख आठवत असतं आणि तरी तो म्हणतो, मी तुला ओळखत नाही.

आणि ती? पदर डोळ्यांना लावून परत फिरत नाही. राजाला उभा-आडवा घेते. मूल म्हणजे काय, बायको म्हणजे काय, खरं बोलणं म्हणजे काय, याचं असं लेक्चर देते की दरबारात टाचणी पडली तर ऐकू यावी. शेवटी आकाशवाणी होते, हा तुझाच मुलगा आहे, याला सांभाळ. ‘भर’ म्हणजे सांभाळ, पोस. त्यावरून पोराचं नाव भरत. त्यावर दुष्यंत काय म्हणतो माहितेय? मला माहीतच होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती! वा रे राजा. पीआर सांभाळायचा म्हणून बायकापोरांना दरबारात उभं करून नाकारलं.

कालिदास थोर कवी, वादच नाही. पण त्यानं शाप आणि अंगठी आणून राजाला क्लीन चिट दिली, हेही तितकंच खरं. ‘तो वाईट नव्हता हो, त्याला विसर पडला होता.’ आणि ती दरबारात तडातडा बोलणारी बाई त्या नाटकात बरीच मवाळ झाली.

तरी कालिदासाचं एक मला फार आवडतं. साक्षीदार कसे गप्प केले जातात ते त्यानं बरोबर पकडलंय. राजाचा मित्र विदूषक, त्याला प्रेमाची भानगड ठाऊक असते. राजा त्याला राजधानीला पाठवताना हळूच सांगतो की ते सगळं मी थट्टेत बोललो हं, मनावर घेऊ नकोस. पुढे अंगठी सापडल्यावर राजा ऊर बडवायला लागतो तेव्हा हाच विदूषक म्हणतो, तुम्हीच तर थट्टा म्हणाला होतात! आणि तो बिचारा कोळी, ज्याला माशाच्या पोटात अंगठी मिळाली, त्याला आधी शिपायांचा मार मिळतो. राजघराण्याचं गुपित चुकून हातात आलं की गरिबाची पहिली बक्षिसी हीच असते.

मराठी माणसानं या शकुंतलेला डोक्यावर घेतलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आणलं ३१ ऑक्टोबर १८८० ला आणि तिथून मराठी संगीत नाटकाची गाडी सुटली ती सुटलीच. त्या पहिल्या प्रयोगात पहिले चारच अंक झाले होते. म्हणजे लेक सासरी निघते, सगळे डोळे पुसतात, पडदा. राजा ओळख नाकारतो तो पाचवा अंक त्या दिवशी प्रेक्षकांनी पाहिलाच नाही!

मग व्ही. शांताराम. ‘प्रभात’ सोडून त्यांनी परळला राजकमल कलामंदिर काढलं आणि पहिला सिनेमा केला तो ‘शकुंतला’. साल १९४३, भाषा हिंदी, शकुंतला जयश्री, दुष्यंत चंद्रमोहन. मुंबईत स्वस्तिक सिनेमात तो १०४ आठवडे चालला. दोन वर्षं! आपल्याकडे हल्ली दुसरा शुक्रवार आला की पोस्टर उतरतं. युद्ध संपल्यावर तो अमेरिकेतही दाखवला गेला. शांतारामबापूंचं मन तेवढ्यानं भरलं नाही, त्यांनी १९६१ मध्ये ‘स्त्री’ नावानं हीच गोष्ट पुन्हा केली. या खेपेला शकुंतला संध्या आणि दुष्यंत स्वतः बापू. माझं ऑफिस लोअर परळला. परळची पाटी दिसली की दर वेळी वाटतं, आमच्या टिटवाळ्याची पोरगी इथून थेट अमेरिकेला गेली आणि मला अजून कल्याणला सीट मिळत नाही.

गुरुवारची फॅक्टरी

आता थोडं घरचं.

माझे बाबा ड्रायव्हर होते. दक्षिण मुंबईतल्या एका शेठकडे सत्तावीस वर्षं. पहाटेच्या लोकलनं जायचे, रात्री शेवटून दुसऱ्या गाडीनं यायचे. शेठनं आम्हाला काही कमी केलं नाही. माझी कॉलेजची फी त्यांच्याच पाकिटातून गेली. दिवाळीला आईला साडी, गणपतीला मिठाईचा डबा. बाबांच्या तोंडी शेठचं नाव कधी एकेरी आलं नाही, आमच्या घरात चेष्टेतसुद्धा ते चालायचं नाही.

शेठ २०१२ मध्ये गेले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, संकष्टीच्या दिवशी, एक बाई आमच्याकडे आल्या. सोबत शाळकरी मुलगा. देवळाला आलो होतो म्हणाल्या. आईनं पाणी दिलं, उपासाची खिचडी दिली. मी बारावीला होते, आत पुस्तक उघडून बसले होते आणि अर्थातच कान बाहेर. बाई म्हणाल्या, ‘दादा, मला पैशाचं काही नको. साहेब दर गुरुवारी आमच्याकडे यायचे, एवढंच तुम्ही एकदा सांगा. तुम्हीच आणायचात त्यांना. दुसरं कोण सांगणार?’

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला काही आठवत नाही, बाई.’

रिक्षानं त्या दोघांना स्टेशनपर्यंत सोडूनही आले. पोराच्या हातात मोदकाचा पुडा दिला. घरी आल्यावर आई त्यांच्याशी पंधरा दिवस नीट बोलली नाही. एकदाच म्हणाली, ‘खाल्ल्या मिठाला जागलात, ठीक. पण त्या पोरानं कुणाचं काय खाल्लं होतं?’

बाबांना सगळं आठवत होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या माळ्यावर त्यांच्या गाडीच्या जुन्या डायऱ्या होत्या. कुठून कुठे, किती किलोमीटर, पेट्रोल किती. दर गुरुवारच्या पानावर एकच शब्द : ‘फॅक्टरी’. आणि फॅक्टरीला सुट्टी असायची गुरुवारी.

देवळामागची दुसरी भानगड

या प्रकाराला आमच्या गावात आणखी एक पदर आहे. आत्ताचं देऊळ शकुंतलेच्या काळातलं नाही, हे सांगायला इतिहासकार नको. देवस्थानची कथा अशी : पेशवाईत दुष्काळ पडला, तळ्यातला गाळ उपसताना मूर्ती हाती लागली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात देऊळ उभं राहिलं. माधवराव म्हणजे ‘स्वामी’ कादंबरीतले, आपल्या सगळ्यांचे लाडके. आणि त्यांच्या घरात जे झालं ते देवीगढला लाजवील.

काका रघुनाथरावांना गादी हवी. १७६८ मध्ये धोडपला हरवून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत टाकलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले आणि धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. अठराही पूर्ण नव्हती. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, भर दुपारी गारदी वाड्यात शिरले. गारदी कोण? तर वाड्याच्याच पहाऱ्यावरचे, पगारी. पगार थकला म्हणून आलो, अशी आरोळी ठोकत आत आले आणि मालकाला काकाच्या अंगाला मिठी मारलेल्या अवस्थेत ओढून कापलं. ‘ध’ चा ‘मा’ ची गोष्ट ती हीच. आनंदीबाईनं ‘धरावे’ चं ‘मारावे’ केलं म्हणतात.

पण त्या दिवसातलं एक नाव आपण विसरतो. चापाजी टिळेकर. साधा सेवक. गारदी तलवारी उगारून आले तेव्हा तो धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबरच मारला गेला. एकाच वाड्यात, एकाच दुपारी, एकाच मालकाचं मीठ खाल्लेले दोन प्रकारचे नोकर. पुस्तकात सुमेरसिंग गारद्याचं नाव सगळ्यांना पाठ, चापाजीला गाइडसुद्धा गाळतात.

आणि तिसऱ्या प्रकारचा नोकर रामशास्त्री प्रभुणे. पेशव्यांचाच न्यायाधीश, पेशव्यांचाच पगार. खुनात रघुनाथरावांचा हात दिसल्यावर त्यांच्या तोंडावर सांगितलं, याला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही. आणि पुणं सोडून गेला. यावर ‘प्रभात’नं १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ काढला, मराठीत आणि हिंदीतही. रामशास्त्री गजानन जागीरदार, आनंदीबाई ललिता पवार (ती नजर!). योगायोग बघा, छोट्या रामशास्त्रीच्या छोट्या बायकोचं काम करणाऱ्या मुलीचं नाव बेबी शकुंतला. मिळाला तर जरूर बघा. ‘एकलव्य’ बघून जो प्रश्न डोक्यात राहतो त्याचं एक उत्तर त्यात साठ वर्षं आधीच देऊन ठेवलंय.

गुपितं मात्र तिथेही संपली नाहीत. नारायणराव मारला गेला तेव्हा त्याची बायको गंगाबाई गरोदर होती. कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेलं, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. लगेच राघोबांच्या बाजूनं कुजबुज सुरू, की मूल खरं कुणाचं? बदललेलं तर नाही? ग्रँट डफच्या इतिहासातही त्या वेळच्या अफवा आहेत. एवढंसं पोर, चाळीस दिवसांत पेशवेपदाची वस्त्रं अंगावर आणि सगळा मुलूख त्याच्या जन्माची चर्चा करतोय. भरताला निदान आकाशवाणी तरी मिळाली होती.

डायऱ्या खाली आल्या

तो शाळकरी मुलगा आता नोकरीला लागलाय. गेल्या वर्षी त्यानं कुठून तरी नंबर मिळवून मलाच फोन केला. कोर्टकचेरी नाही, इस्टेट नाही, ‘काकांना भेटायचंय’ एवढंच. आता बाबा रिटायर्ड, गुडघे धरलेले, दुपारी टीव्ही. मी त्यांना सांगितलं तेव्हा वाटलं नाही म्हणतील. ते उठून स्टूल शोधायला लागले. माळ्यावरच्या डायऱ्या काढायच्या होत्या. म्हटलं, थांबा, मी चढते.

रविवारी तो आला. ठरवून आल्यासारखा चारच प्रश्न घेऊन आला होता आणि ते पहिल्या दहा मिनिटांत संपले. मग बाबाच बोलत सुटले. साहेब गाडीत कुठली गाणी लावायचे. मुलुंडच्या सिग्नलला गाडी लागली की खिशातला कंगवा काढायचे. तुझा पहिला दात पडला तो त्यांनी रुमालात बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवला होता आणि तो सर्व्हिसिंगला हरवला तेव्हा माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडले. शाळेत तुला नाटकात झाड केलं होतं, तर साहेब मागच्या दारानं येऊन बघून गेले, मी गाडी चालू ठेवली होती. पोरगा काही लिहून घेत नव्हता, रेकॉर्ड करत नव्हता. नुसता डायरीच्या पानांवरून बोट फिरवत होता. फॅक्टरी, फॅक्टरी, फॅक्टरी.

आईनं या वेळी खिचडी नाही, श्रीखंड-पुरी केली होती.

जाताना त्यानं विचारलं, ‘काका, तेव्हा आईला का नाही सांगितलंत?’ बाबांनी कारण दिलं नाही. शेठनी सांगितलं होतं, फी भरली होती, नोकरीतली माणसं काय म्हणाली असती, यातलं काहीच नाही. म्हणाले, ‘तिला माहीतच होतं रे. सांगायला हवं होतं ते तुला.’ डायऱ्या त्यालाच देऊन टाकल्या. सत्तावीसच्या सत्तावीस, नायलॉनच्या दोन पिशव्यांत. आम्हाला वाटलं एखादीच नेईल.

त्यानंतर एका दुपारी मी बाबांना ‘एकलव्य’ लावून दिला. घरी बसून मी काम करत होते, ते बघत होते. अमिताभनं कबुतराचं घुंगरू उडवलं तेव्हा ‘वा’ म्हणाले. राणीच्या पत्राच्या वेळी चहा थंड करून प्यायले. शेवटाकडे मी लॅपटॉप मिटून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. राजपुत्र अखेर एकलव्यला बाप म्हणतो, तिथे मला वाटलं आता चष्मा काढतील. नाही काढला. पण खुनांची फाईल मिटवायला पोलीस ऑफिसर पन्नालाल ती चिठ्ठी पुढे करतो, सगळं एका मेलेल्या माणसाच्या नावावर जातं आणि वाड्याची अब्रू सलामत राहते, तिथे त्यांनी रिमोट उचलून मागे घेतलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा पाहिला.

‘म्हणजे आता हा पोलीस गप्प बसणार,’ ते म्हणाले. ‘याला लेक आहे का गं?’

मी म्हटलं, सिनेमात तसं दाखवलेलं नाही.